मालगुंडच्या शिळा



यार्देन नदी उतरून गेल्यावर इस्राएल लोकांनीं पात्रांतले बारा धोंडे उचलून आणिले व ते गिलगालास उभे केले, ही कथा तुम्हीं यहोशवाच्या पुस्तकांत वाचली असेल. धोंडे कशासाठीं? तर पुढें मुलांनीं त्यांचा अर्थ विचारावा आणि वडिलांनीं तो सांगावा, यासाठीं. स्मारकाचें सारें मर्म यांत आलें.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांत, गणपतिपुळ्याच्या लगत समुद्रकांठीं मालगुंड हें गांव आहे. येथें १८६६ सालीं कृष्णाजी केशव दामले, म्हणजे कवि केशवसुत, यांचा जन्म झाला. त्यांचें जन्मघर जतन करून कोंकण मराठी साहित्य परिषदेनें १९९४ सालीं तेथें स्मारक उभारिलें. भोवतालच्या बागेंत शिळांवर त्यांच्या कविता कोरलेल्या आहेत. घाईनें चालणारास ही बाग थोड्या वेळांत पाहून संपते. वाचीत चालणारास दिवस अपुरा पडतो.

ज्यांच्यासाठीं ही बाग, ते कोणी धनवान् गृहस्थ नव्हते. शिक्षकाचे पुत्र, आणि स्वतःहि शिक्षक. मॅट्रिकची परीक्षा उतरले तेव्हां १८८९ साल उजाडलें होतें व वय तेविसाच्या घरांत होतें. परीक्षेंत मागें पडलेल्या मुलानें, आणि त्याच्या आईबापांनींहि, हें ध्यानांत ठेवावें. १९०५ सालीं हुबळी येथें प्लेगनें त्यांचा अंत झाला. चाळिशीहि पुरी झाली नव्हती. कवितांचा संग्रह हरि नारायण आपटे यांनीं प्रसिद्ध केला तो १९१७ सालीं. आपलें पुस्तक हातीं घेण्याचें सुख कवीस लाभलें नाहीं.

मॅट्रिक होण्यापूर्वींच, १८८८ सालीं, त्यांनीं 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' ही कविता लिहिली. रस्त्यांत खेळणाऱ्या एका बालकास दूर हो म्हणून सांगण्यांत येतें. कारण त्याची सावली दुसऱ्यावर पडतां कामा नये! असें कां, हें तें बालक घरीं येऊन आईला विचारतें. यार्देनकांठच्या मुलांनीं विचारावयाचा प्रश्न गौरवाचा होता. या बालकाचा प्रश्न आपणां सर्वांस मान खालीं घालावयास लावणारा आहे.

म्हणून मालगुंडास जाल तेव्हां सर्वच शिळांपुढून धांवूं नका. एकीपुढें थांबा, कविता मोठ्यानें वाचा, अडलेला शब्द वडिलांस विचारा. वडिलांनींहि 'पुढें चल' असें म्हणूं नये. आणि परत आल्यावर वर्गांत आपल्या शेजारीं कोण बसतो, कोणाच्या शेजारीं बसण्याचें आपण टाळतों, हें मनाशीं तपासून पहा. शिळेवरील अक्षरें पाऊस-वाऱ्यानें झिजतील. ज्याच्या वागण्यांत तीं उतरलीं त्यानेंच तें स्मारक खरें पाहिलें.

अभ्यास : (१) केशवसुतांची एक कविता मिळवून पाठ करा. (२) तिचा भावार्थ आपल्या शब्दांत दहा ओळींत लिहा. (३) आपल्या गांवांत कोणाचें स्मारक आहे? त्याचा अर्थ घरांतील वडील माणसांस विचारून लिहून आणा.