स्प्रे गन : चालवणं सोपं, सांभाळणं अवघड

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलं, की इंजिनिअरिंगच्या मुलाला दोन कामं हमखास सांगितली जातात. एक, मिक्सर का अडतोय ते बघ. दोन, गॅलरीच्या ग्रिलला रंग मार. मिक्सरचं सोडा, तो इलेक्ट्रिकलवाल्यांचा प्रांत! ग्रिलचं काम मात्र आता सोपं झालंय असं सगळ्यांना वाटतं, कारण हातात धरायची छोटी स्प्रे गन हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते. "ब्रशने दोन दिवस, गनने अर्धा तास" हा हिशोब ऐकायला छान आहे. पण त्या अर्ध्या तासाआधी चार तासांचं घासकाम असतं आणि नंतर अर्ध्या तासाची धुलाई. ही दोन टोकं जो टाळतो, त्याची गन पहिल्याच कामानंतर माळ्यावर जाते. ती मोडलेली नसते, तिच्यात रंग वाळून बसलेला असतो.

आपल्याकडे हॉस्टेलच्या खाटा, कपाटं, गॅदरिंगचे सेट, बाजा नाहीतर गो-कार्टची फ्रेम, असं काही ना काही रंगवायचं चालूच असतं. म्हणून हा पाठ. यात नवीन असं काही नाही, बहुतेक सगळं तुमच्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकात आहे. फक्त तिथे ते मार्कांसाठी असतं.

घशातून भिंतीवर

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरी डॉ. अॅलन डीव्हिल्बिस यांनी १८८० च्या दशकात रोग्यांच्या घशात औषध फवारण्याचं एक उपकरण केलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या मुलाने, टॉमसने, त्याच तत्त्वावर रंगाची गन तयार केली. १९२० च्या दशकात मोटारींसाठी झटपट वाळणारं नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे आपलं एन.सी., आलं. ते इतक्या लवकर वाळतं की ब्रशचा दुसरा फटका मारेपर्यंत पहिला चिकट होतो. तिथे गनशिवाय इलाज नव्हता, आणि गन कारखान्यात कायमची रुजली.

आत घडतं काय?

खाली कप असलेल्या गनमध्ये हवा नोझलभोवतीने जोरात बाहेर पडते, तिथला दाब कमी होतो आणि कपातल्या रंगावरचा वातावरणाचा दाब रंगाला वर ढकलतो. वर कप असलेल्या गनमध्ये रंगाचं वजनही मदतीला येतं. दोन्हींत कपाच्या झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं की आत हवा जात नाही आणि रंग अडखळतो. पुष्कळ जण अशा वेळी गन खोलतात. आधी झाकण बघावं.

बाहेर आलेल्या रंगाच्या धारेचे थेंब करण्याचं काम हवेचं. हवा थेंबाला फाडू पाहते, पृष्ठताण त्याला एकत्र धरून ठेवतो. या ओढाताणीचं माप म्हणजे वेबर नंबर : हवेची घनता × वेगाचा वर्ग × थेंबाचा व्यास ÷ पृष्ठताण. हा आकडा साधारण १२ च्या वर गेला की थेंब फुटतो. आता गणित करून बघा. हवेची घनता १.२, पृष्ठताण ०.०३ न्यूटन प्रति मीटर आणि हवेचा वेग सेकंदाला १०० मीटर धरला, तर टिकणारा थेंब येतो ३० मायक्रॉनचा. वेग निम्मा केला की तोच होतो १२० मायक्रॉनचा, म्हणजे चौपट! रंग जाड असेल तर थेंब आणखी मोठे राहतात. मोठे थेंब पृष्ठभागावर पसरून एक व्हायच्या आत घट्ट झाले, की संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पोत येतो. म्हणजे "फिनिशिंग येत नाही" या तक्रारीचं मूळ बहुधा दोन ठिकाणी असतं : रंग जाड, नाहीतर हवा कमी.

कोणती गन घ्यावी?

कॉम्प्रेसरवरची साधी गन ३० ते ५० पीएसआयवर चालते. फिनिश उत्तम, पण बराच रंग हवेत उडून जातो. एचव्हीएलपी जातीच्या गनमध्ये हवा भरपूर पण एअर कॅपपाशी दाब १० पीएसआयच्या आत, त्यामुळे रंग कमी उडतो. घरगुती इलेक्ट्रिक गन याच तत्त्वावर छोट्या टर्बाइनने चालते. तिचा जोर बेताचा असल्याने रंग नीट पातळ केल्याशिवाय ती चालत नाही.

फरक किती, तो कपाटावर बघू. साडेसहा फुटी लोखंडी कपाटाची बाहेरची बाजू सुमारे ४ चौरस मीटर. एका हाताची ओली जाडी ५० मायक्रॉन धरली तर २०० मिली रंग कपाटावर बसायला हवा. साध्या गनमधून ३५ टक्के रंग वस्तूवर पोचतो असं धरलं, तर गनमधून जवळजवळ ५७० मिली सोडावा लागेल. एचव्हीएलपीचे ६५ टक्के धरले, तर ३१० मिली. उरलेला कुठे जातो? शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, आणि तुमच्या नाकात.

तिसरी जात एअरलेस. तिच्यात हवा नसते, पंप रंगालाच २००० ते ३००० पीएसआय दाब देतो. मोठ्या भिंतींसाठी ती ठीक. पण तिच्या टोकापुढे कधीही बोट नेऊ नये. ती धार कातडीखाली रंग घुसवते. जखम टाचणीच्या टोचण्याएवढी दिसते, पण ती शस्त्रक्रियेची तातडीची केस असते. "पट्टी लावू, उद्या बघू" म्हटलं तर बोट जाऊ शकतं.

तयारी : खरं काम इथेच

गंज आणि सुटे पोपडे काढा, १२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्या, खड्ड्यांत लांबी भरा, वाळल्यावर ४०० नंबरच्या वॉटरपेपरने पाणी लावून घासा. शेवटी तेलकट हात कुठेही लागू देऊ नका.

जुना रंग कोरडा घासू नये. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ साली आले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या कपाटाच्या, ग्रिलच्या रंगात शिसं असू शकतं. ती धूळ लहान मुलांच्या पोटात जाणं सगळ्यात वाईट. म्हणून पाणी लावूनच घासायचं आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं.

थिनर डब्यावर लिहिलेलाच वापरावा. सिंथेटिक एनॅमलला मिनरल टर्पेंटाइन, एन.सी.ला एन.सी. थिनर. आधीच्या एनॅमलवर एन.सी. मारलं तर खालचा रंग सुरकुततो आणि पुन्हा पहिल्यापासून घासत बसावं लागतं. थर्माकोलवर तर थिनरचा रंग मारूच नका, थर्माकोल चक्क विरघळतं.

किती पातळ? त्यासाठी लॅबमधला नं. ४ चा फोर्ड कप वापरा. कप भरून बोट काढा आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजा. गनसाठी साधारण १८ ते २५ सेकंद. घरी कप नसेल तर रंगात काठी बुडवून उचला. धार अखंड पडून मग थेंब सुरू व्हावेत, गोळे पडता कामा नयेत. नंतर जुन्या नायलॉनच्या साडीच्या तुकड्यातून गाळा. गाळणं टाळणाऱ्याचं नोझल दहा मिनिटांत तुंबतं. एनॅमलसाठी नोझल साधारण १.४ ते १.६ मिलीमीटरचं.

हात कसा चालवायचा?

अंतर सहा ते आठ इंच, म्हणजे हाताची बोटं पसरून अंगठा ते करंगळी एवढं. गन पृष्ठभागाशी काटकोनात. हात सुरू करा, मग ट्रिगर दाबा. ट्रिगर सोडा, मग हात थांबवा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे.

नवशिके मनगटातून गन फिरवतात, पंख्यासारखी. तसं केल्यावर कडेला अंतर वाढतं, पट्टा रुंदावतो आणि भिंतीवरचा वेगही वाढतो. तिन्हींचा परिणाम एकत्र केला तर जाडी कोनाच्या कोसाइनच्या घनाप्रमाणे घटते. ३० अंशाला ती उरते ६५ टक्के आणि ४५ अंशाला जेमतेम ३५ टक्के! मधे ओघळ आणि कडेला फिकट, असं कपाट दिसलं की समजावं, मनगट फिरलंय. खांद्यातून हात सरळ न्यायचा, बस. आधी जुन्या पुठ्ठ्यावर सराव करा. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात बरे. एनॅमलला दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेली वेळ द्या, घाई नको.

रोग आणि निदान

पुठ्ठ्यावर फवारा मारून त्याचा आकार बघा. गन स्वतःच सांगते काय दुखतंय ते.

१) मधेच जाड पट्टा : हवा कमी किंवा रंग जाड.
२) मधे फट, दोन्ही टोकांना रंग : हवा जास्त किंवा रंग फार पातळ.
३) केळ्यासारखा वाकडा किंवा एका बाजूला जड : कुठेतरी भोक तुंबलंय. एअर कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा मारा. आकारही फिरला तर दोष कॅपमध्ये, नाही फिरला तर नोझलमध्ये. दोन मिनिटांत निदान!
४) गन थुंकते, धार तुटक येते : रंगाच्या वाटेत हवा शिरतेय. कपात रंग संपत आला असेल, नोझल सैल असेल किंवा निडलचं पॅकिंग कोरडं पडलं असेल.
५) रंगावर गोल खळगे : तेल किंवा सिलिकॉन लागलंय. बाईक पॉलिश करणाऱ्या फडक्याने वस्तू पुसली की हे होतं.
६) पावसाळ्यात एन.सी.वर पांढरट झाक : थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. कोरड्या दिवसाची वाट बघावी.

पाण्यावरून आठवलं, कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढा. पावसाळ्यात ३० अंशाला ८० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम वाफ असते. ती हवा ६ बारपर्यंत दाबून पुन्हा ३० अंशाला थंड झाली, की त्यातली जेमतेम ४ ग्रॅम वाफ म्हणून टिकते, बाकी २० ग्रॅमचं पाणी होतं. मिनिटाला २०० लिटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर सलग चालला तर तासाला पाव लिटर पाणी! ते रंगात यायला नको, आणि टाकी आतून गंजून फुटायलाही नको. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी अधूनमधून ओढून बघा.

धुणं आणि तेलपाणी

हे काम त्याच दिवशी, त्याच वेळी. "चहा पिऊन येतो" चालणार नाही.

उरलेला रंग परत डब्यात. कपात थोडा थिनर घेऊन हलवा आणि डब्यात फवारा, स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा. मग हवा बंद करा, ट्रिगर दाबून उरलेला दाब सोडा. एअर कॅप काढून थिनरमध्ये बुडवा. आधी निडल काढा, मगच नोझल, म्हणजे दोघांच्या बसण्याच्या जागा खरवडत नाहीत. भोकं दातकोरणीने किंवा मऊ ब्रशने साफ करा. टाचणी, तार अजिबात नको. अचूक ड्रिल केलेलं भोक एकदा लांबट झालं की फवारा कायमचा वाकडा.

अख्खी गन थिनरच्या डब्यात रात्रभर बुडवून ठेवायची सवय अनेक ठिकाणी दिसते. त्याने पॅकिंग कडक होतात आणि सुटलेला मळ हवेच्या वाटांत जाऊन बसतो. पुसून कोरडी केल्यावर निडलचं पॅकिंग, हवेच्या व्हॉल्व्हची दांडी आणि ट्रिगरची खीळ यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. सिलिकॉनचा स्प्रे नको, वरचा पाचवा रोग त्यातूनच येतो.

वापरलेला थिनर बेसिनमध्ये ओतू नका. झाकणाच्या डब्यात ठेवला की रंग तळाला बसतो आणि वरचा थिनर पुढच्या धुण्याला चालतो. एनॅमलच्या किंवा अळशीच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती अडकते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. मोकळ्यावर पसरून वाळवाव्यात.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं

रूमचं दार लावून स्प्रे मारू नये, म्हणजे नाहीच. एन.सी. थिनरमध्ये बहुधा टोल्युइन असतं. त्याची वाफ हवेच्या तिपटीहून जड, म्हणून ती जमिनीलगत पसरते. हवेत सव्वा टक्क्याच्या आसपास झाली तरी ठिणगीला पेट घेते, आणि तिचा फ्लॅश पॉइंट अवघा ४ अंश सेल्सिअस. रूममधली शेगडी, इस्त्री, पंख्याचं बटण, कशाचीही ठिणगी पुरते. गच्ची किंवा मोकळं अंगण, वारा पाठीमागून, आणि जवळपास कुणी सिगारेटवाला नको.

तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क बांधला म्हणजे झालं, हा गैरसमज. तो थोडेफार थेंब अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो आणि तो चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो. हार्डनर मिसळायचा दोन डब्यांचा पीयू रंग तर घरी फवारूच नये. त्यातल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो. एकदा शरीराने धसका घेतला की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो, आणि वासावरून त्याचा अंदाज येत नाही.

आपल्या गल्लीतल्या गॅरेजचे पेंटर काका, गणपतीच्या कारखान्यात रात्र-रात्र गन धरणारी मुलं, यांतले कित्येक जण नुसता रुमाल बांधून वर्षानुवर्षं हे काम करतात. हात कसा चालवायचा ते त्यांच्याकडून शिकावं, आणि जमल्यास चांगला मास्क त्यांच्यापर्यंत पोचवावा. घशाला औषध पोचवायला जन्मलेलं हे यंत्र आहे. त्यातून घशात विष जाऊ नये, एवढी काळजी आपण इंजिनिअर म्हणवणाऱ्यांनी घ्यायलाच हवी.

तेव्हा मित्रांनो, या सुट्टीत ग्रिल जरूर रंगवा. आईने विचारलं, "झालं का रे?" तर गन धुऊन, तेल देऊन खोक्यात ठेवल्यावरच "झालं" म्हणा.