तात्पुरत्या रुग्णालयावरील विश्वास : एक प्रशासकीय अभ्यास

साथ आली की खाटा वाढविता येतात. नातेवाइकांचा विश्वास मात्र मागणीपत्र पाठवून मिळत नाही. हा प्रश्न सन २०२० मध्ये प्रथमच उभा राहिला असे नव्हे. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरत असता गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. (आजचे कस्तुरबा रुग्णालय ते हेच.) आत नेलेल्या रुग्णांना मारून त्यांच्या शरीरातून मोमियाई काढतात, अशी अफवा तेव्हा होती. त्या अफवेला आज हसणे सोपे आहे. परंतु नेलेल्या माणसाचे पुढे काय झाले हे घरी कळत नसेल, तर माणूस काहीही खरे मानतो.

पुढे मुंबईत निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये उघडली. पुण्यात १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग रुग्णालय सुरू झाले. प्लेगवर हमखास औषध त्या काळी कोणाजवळच नव्हते. तरीही लोक तेथे येण्यास तयार झाले, ते व्यवस्था आपल्या माणसांच्या हाती होती म्हणून.

सन २०२० मध्ये आपल्या संस्थेने मंगल कार्यालयात तात्पुरता कक्ष उघडला, तेव्हा हा इतिहास आमच्या ध्यानी नव्हता. प्राणवायूची सिलिंडरे, पीपीई संच, जेवणाचे डबे यांचा हिशेब आम्ही चोख ठेवला; घरी निरोप देण्याचे काम मात्र कोणाच्याच नावे लावले नाही. एक वृद्ध भगिनी दगावल्या. त्यांच्या बांगड्या तिजोरीत सुरक्षित होत्या, पण कुटुंबास तसे कळविण्यास अकरा दिवस लागले. त्यांच्या चिरंजीवांनी मला विचारले, “बांगड्यांचा पत्ता नव्हता, मग गुंडाळून दिलेला देह आमच्या आईचाच होता कशावरून?” कागदपत्रे सर्व बिनचूक होती. ती दाखविण्याचा मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून लेखा विभागातील दोन लिपिक केवळ निरोपांसाठी नेमले. रोज सायंकाळी पाच वाजता प्रत्येक घरी दूरध्वनी, त्याची नोंदवहीत वेळेसह नोंद, आणि दागिन्यांची पावती दाखल होतानाच नातेवाइकाच्या हाती. शक्य असेल तेथे रुग्णाशी प्रत्यक्ष बोलणेही करून दिले जाई. वैद्यकीय अधिकाऱ्यांपैकी काहींना हा अपव्यय वाटला. महिनाअखेरीस “तेथे नको” म्हणणारी कुटुंबे विरळ झाली.

नव्या आपत्कालीन आराखड्यात या दोन लिपिकांच्या वेतनाची तरतूद खाटांच्या खर्चाआधी दाखवावी, अशी विनंती मी विश्वस्त मंडळास केली आहे.