लाकडाच्या गाडीतून प्रवासी : कॅस येथील वाफेच्या इंजिनांचा धडा

एखाद्या गावाचा एकमेव उद्योग बंद पडला, की तेथील यंत्रसामग्रीकडे प्रथम भंगार व्यापाऱ्याचे लक्ष जाते. शासनाचे लक्ष पुष्कळदा उशिरा जाते. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील कॅस या डोंगराळ गावी मात्र ते वेळेवर गेले. म्हणून तेथील हकीकत अभ्यासण्याजोगी आहे.

ग्रीनब्रायर नदीकाठचे हे गाव १९०१ साली एका कागद कंपनीने वसविले. डोंगरावरील स्प्रूस वृक्षांचे ओंडके गिरणीत आणण्यासाठी लोहमार्ग टाकण्यात आला. गिरणी, दुकान, कामगारांची घरे, सारे कंपनीचेच होते. १९६० साली गिरणी बंद पडली आणि रूळ उखडण्यास प्रारंभ झाला. तेव्हा रेल्वेप्रेमी व स्थानिक नागरिक राज्य शासनाकडे गेले. १९६१ साली विधिमंडळाने खरेदीस मान्यता दिली आणि १९६३ साली ४ मैलांच्या टप्प्यावर पहिली सहलीची गाडी धावली. १९६८ पासून ती ११ मैलांवरील बाल्ड नॉब या शिखरापर्यंत जाऊ लागली.

इंजिनाचे वेगळेपण

येथील ‘शे’ जातीची इंजिने एफ्रेम शे या मिशिगनमधील लाकूड व्यावसायिकाच्या कल्पनेतून निर्माण झाली. त्यांचे सिलिंडर बॉयलरच्या उजव्या अंगास उभे असतात. त्यांनी फिरविलेला लांब दांडा दंतचक्रांच्या साहाय्याने प्रत्येक आसास गती देतो. त्यामुळे सर्वच चाके रूळ पकडून चालतात. वेग अल्प, परंतु ओढण्याची शक्ती मोठी. आपल्या बोरघाटातील चढ ३७ फुटांस १ फूट आहे; कॅस येथे तो काही ठिकाणी सुमारे ९ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. येथील ५ क्रमांकाचे इंजिन १९०५ साली बांधलेले असून ते प्रथमपासून याच गावी आहे.

जीर्णोद्धार म्हणजे रंगरंगोटी नव्हे

जुने इंजिन प्रदर्शनात मांडणे सोपे आहे. त्यामागे माणसे बसवून ते डोंगर चढविणे ही निराळी जबाबदारी होय. खरी कसोटी बॉयलरची. त्यातील नळ्या काढून आतील पत्रा तपासावा लागतो, त्याची जाडी मोजावी लागते आणि नेहमीच्या दाबाहून सव्वापट दाबाने पाणी भरून परीक्षा घ्यावी लागते. अमेरिकेच्या संघीय नियमांप्रमाणे वाफेच्या इंजिनाची अशी सखोल तपासणी १,४७२ सेवादिवसांनी किंवा १५ वर्षांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, करावी लागते. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. ते साचा करून ओतावे व कातावे लागतात. म्हणून कार्यशाळा आणि जाणते कारागीर यांवाचून इंजिन जिवंत राहत नाही. जुना कामगार निवृत्त होण्यापूर्वी त्याच्या हाताखाली तरुण तयार होणे, हाही जीर्णोद्धाराचाच भाग आहे.

गावाचा विचार

ओंडके वाहणाऱ्या गाड्यांवर बाके व छप्पर बसवून त्याच प्रवाशांसाठी वापरात आणल्या गेल्या. १९७७ साली राज्याने गावही विकत घेतले. कंपनीच्या घरांतून आज पर्यटक मुक्काम करतात. २०१५ पासून गाड्या चालविण्याचे काम एका खाजगी रेल्वे कंपनीकडे असून मालकी राज्याचीच आहे. ज्या इंजिनांनी डोंगर उघडे केले, तीच आज पुन्हा वाढलेले अरण्य लोकांना दाखवितात.

या उदाहरणाचा अर्थ प्रत्येक जुने यंत्र राखावे असा नाही. पर्यटनाचे उत्पन्न हंगामी असते आणि देखभालीचा खर्च बारमाही असतो, हे प्रथम मान्य केले पाहिजे. परंतु बंद पडलेल्या गिरणीचा वा कारखान्याच्या छोट्या आगगाडीचा लिलाव पुकारण्यापूर्वी पंचायतीने तीन प्रश्न विचारावेत : वस्तू आपल्या मूळ जागी आहे काय, ती चालविणारी माणसे अद्याप हयात आहेत काय आणि दहा वर्षांनंतरच्या दुरुस्तीचा भार कोण उचलणार? कॅस येथे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे अनुकूल होती आणि तिसऱ्याचे उत्तर देण्यास राज्य शासन पुढे आले. उखडलेला रूळ पुन्हा टाकण्यापेक्षा शिल्लक रूळ राखणे केव्हाही स्वस्त. मात्र तो निर्णय रूळ शिल्लक असतानाच घ्यावा लागतो.