वनसंवर्धनाचा जागतिक निधी आणि भिलाईचे पाणी

भिलाईच्या पोलाद कारखान्याला बालोदजवळील तांदुळा आणि धमतरीजवळील गंगरेल या जलाशयांतून पाणी मिळते. गंगरेलमध्ये अडवलेली महानदी धमतरी जिल्ह्यातच, सिहावाच्या डोंगराळ वनप्रदेशात उगम पावते. याच पाण्यावर खालच्या मैदानातील भातशेतीही अवलंबून आहे. वन राखले, तर पाणी जमिनीत मुरते आणि जलाशयात गाळ कमी साचतो. या सेवेचे मोल कोणी द्यावे, याचा विचार करण्यापूर्वी वनरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय निधी कसा मिळतो, ते पाहू.

अनुदान : छत्तीसगडची वने मुख्यतः साल व सागाची, पानझडी आहेत; ती वर्षावने नव्हेत. तरीही येथे असा निधी आला आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये भारत सरकार व जागतिक बँक यांच्यात छत्तीसगड आणि मध्य प्रदेशासाठी २ कोटी ४६ लाख ४० हजार डॉलरच्या अनुदानाचा करार झाला. ही रक्कम जागतिक पर्यावरण सुविधेच्या विश्वस्त निधीतील होती. वनांच्या परिसंस्था-सेवा वाढवणे आणि वनांवर अवलंबून असणाऱ्यांची उपजीविका सुधारणे, हा तिचा हेतू होता.

फलाधारित निधी : ब्राझीलचा ॲमेझॉन निधी २००८ साली स्थापन झाला. नॉर्वे व जर्मनी हे त्याचे प्रमुख देणगीदार आहेत. जंगलतोड पूर्वीच्या सरासरीपेक्षा जितकी घटली, त्यावरून टळलेले कार्बन उत्सर्जन मोजले जाते. २०१९ मध्ये ब्राझील सरकारने निधीच्या समित्या बरखास्त केल्याने नवे प्रकल्प थांबले. २०२३ मध्ये काम पुन्हा सुरू झाले.

उभ्या वनासाठी निधी : नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलच्या पुढाकाराने उष्णकटिबंधीय वनांसाठी नवा निधी जाहीर झाला. उभ्या वनासाठी हेक्टरी वार्षिक सुमारे ४ डॉलर द्यावेत आणि त्यांतील किमान २० टक्के आदिवासी व स्थानिक समुदायांना मिळावेत, अशी त्याची रचना आहे. उदाहरणार्थ, १,००० हेक्टर वनास वर्षाला ४,००० डॉलर मिळाले, तर समुदायाचा वाटा ८०० डॉलर होईल.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : फलाधारित निधीत जे मोजले जाते, त्याचेच मोल मिळते. ॲमेझॉन निधी कार्बन मोजतो, नवा निधी उभे वन मोजतो. मुरलेले पाणी व अडलेली माती यांपैकी कोणीच मोजत नाही. वस्तुतः शेतकऱ्याला व कारखान्याला होणारा थेट लाभ तोच आहे. म्हणून जागतिक निधी पूरक मानावा. पाण्याचे मोल मात्र पाणी वापरणाऱ्यांनीच दिले पाहिजे.

ते मोल कोणाच्या हाती पडावे, याचे उत्तर वनहक्क कायदा, २००६ मध्ये आहे. सामूहिक वनांचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार तो ग्रामसभेला देतो. धमतरी जिल्ह्यातील जबर्रा गावाला हा हक्क २०१९ मध्ये मिळाला. मोह, तेंदूपाने व सालबियांवर ज्यांचे वर्ष निघते, तेच वणवा प्रथम पाहतात आणि विझवायलाही तेच प्रथम धावतात. त्यांचा वाटा योजनेच्या अखेरीस नव्हे, करारातच लिहिलेला असावा.