परराज्यातली मदत आपल्या वस्तीपर्यंत कशी येते?

मांजरा नदी आपल्याच पाटोदा तालुक्यात, गवळवाडीजवळ बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. पुढे लातूरकडून कर्नाटकात, मग तेलंगणात जाऊन ती गोदावरीला मिळते. नदी राज्याची हद्द पाहत नाही. पूर आणि साथही पाहत नाहीत. म्हणून संकटात एका राज्याला दुसऱ्याची मदत लागते. ती कशी येते हे ठाऊक असेल, तर वेळेवर मागता येते.

२०२१ चा ऑक्सिजन

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात तयार होणारा ऑक्सिजन रुग्णांना पुरेना. १९ एप्रिल २०२१ रोजी कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या वाघिणींवर चढवून आंध्र प्रदेशातील विशाखापट्टणमला पाठवले. तेथील पोलाद कारखान्यात ते भरले. परतताना तीन नागपूरला व चार नाशिकला उतरले. घाट आणि रुळांवरील पुलांची उंची आड येत असल्याने गाडीला लांबचा मार्ग घ्यावा लागला. कोणत्या राज्याला किती ऑक्सिजन द्यायचा, हे केंद्र सरकार ठरवत होते. राज्याने तो जिल्ह्यांना आणि जिल्ह्याने दवाखान्यांना वाटायचा, अशी साखळी होती.

मदत उलटही जाते. २०१८ मध्ये केरळात महापूर आला, तेव्हा मुंबईच्या जे. जे. व पुण्याच्या ससून रुग्णालयांतील डॉक्टरांचे पथक तिकडे गेले होते.

मागणी खालून वर जाते

गावातली अडचण आधी तहसीलदारांना कळते. तहसीलदार ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवतात. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. जिल्ह्याला भागले नाही तर राज्य, आणि राज्यालाही भागले नाही तर केंद्र. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, एक बटालियन पुण्याजवळ आहे. पण खालून मागणीच गेली नाही, तर वरच्यांना आपली वस्ती दिसत नाही.

वाटपात भेदभाव नको, हा कायदा आहे

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत काही ठिकाणी दलित कुटुंबांना मदत छावण्यांत वेगळे काढले गेले, पाणी व धान्य देताना डावलले गेले, अशा तक्रारी पुढे आल्या. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चे कलम ६१ स्पष्ट सांगते की, भरपाई व मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. मदत दुसऱ्या राज्यातून आली तरी हाच नियम. टँकर गावात आला आणि वस्तीच्या तोंडाशी न थांबता निघून गेला, तर तारीख, वेळ व साक्षीदारांची नावे लिहून तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

ऊसतोडीला परराज्यात गेल्यावर

आपली अनेक कुटुंबे कर्नाटकातल्या कारखान्यांवरही जातात. तिथे काही झाले तर ११२ हा क्रमांक देशभर चालतो. 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेत आधार जोडलेले कार्ड परराज्यातही चालते. आयुष्मान कार्डही योजनेतील दवाखान्यांत चालते. मूळ कार्डे मुकादमाकडे ठेवू नका, स्वतःजवळ ठेवा.

वस्तीने आधीच करायची कामे

- गरोदर बाया, बाळंतिणी, अपंग, अंथरुणाला खिळलेले, दम्याचे व इन्सुलिन घेणारे यांची यादी करा. एक प्रत आशाताईंकडे, एक ग्रामपंचायतीत द्या.
- रोजच्या गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्या जवळ ठेवा.
- पुरानंतर पाणी उकळून प्या. जुलाब लागले तर लगेच ओआरएस सुरू करा.
- साप चावला तर बांधू नका, कापू नका. सरळ सरकारी दवाखाना गाठा.
- रुग्णवाहिका १०८, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, राज्य नियंत्रण कक्ष १०७०. हे क्रमांक विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.

येत्या रविवारी विहारात बसून यादीला सुरुवात करा. पावसाळ्यापूर्वी ती पूर्ण व्हायला हवी.