जमिनीतील पुरावा आणि इतिहासाचा पाठ

इतिहास म्हणजे राजांची नावे आणि लढायांच्या सनावळ्या, अशी मुलांची समजूत होऊन बसते. आपल्या गावास इतिहास नाही, असेही त्यांच्या मनात येते. ठाकुर्लीच्या मुलास कल्याण हे आगगाडीचे पुढचे स्थानक म्हणून ठाऊक असते. परंतु सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्याच कल्याणात लोहार व सोनार आपापला धंदा करीत होते आणि त्यांपैकी काहींची नावे आजही वाचता येतात, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. ते सांगणे हे शिक्षकाचे काम होय.

दगडावरील नावे

बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. तेथे ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत अनेक दानलेख कोरलेले आहेत. त्यांतील एका लेखात कल्याणच्या स्वामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. दुसऱ्यात कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिल्याचे म्हटले आहे. सोपाऱ्याच्या नागपालित या मणिकारानेही तेथे एक टाके दिले.

हे लेख लहान आहेत. परंतु त्यांवरून पुष्कळ शिकविता येते. फळ्यावर दोन रकाने आखावेत. एकावर ‘पुरावा’ व दुसऱ्यावर ‘अनुमान’ असे लिहावे. लोहाराने वाट करून दिली, हा पुरावा. त्याचा धंदा बरा चालत असावा, हे अनुमान. डोंगरावर टाके खोदले, हा पुरावा. पावसाचे पाणी साठवून उन्हाळ्यात वापरण्याची रीत त्या लोकांस अवगत होती, हे अनुमान. एखादा मुलगा ‘लोहार मोठा श्रीमंत होता’ असे म्हणेल, तर लेखात तसे कोठे आहे, हे त्यालाच विचारावे. पुराव्यापलीकडे न जाण्याची ही सवय इतर विषयांतही उपयोगी पडते.

सोपाऱ्याचा स्तूप

नालासोपारा पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. तेथील एका टेकाडास लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले, तेव्हा तो बौद्ध स्तूप असल्याचे उघड झाले. त्याच्या पोटात दगडी करंडा मिळाला. करंड्यात एकात एक ठेवलेल्या डब्या, सोन्याची फुले, मातीच्या भांड्याचे तुकडे, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे आणि ब्राँझच्या आठ मूर्ती होत्या.

नाणे दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे, तर मूर्ती आठव्या-नवव्या शतकाच्या मानल्या जातात. शेकडो वर्षांचे अंतर असलेल्या वस्तू एकाच करंड्यात कशा आल्या? स्तूप मागाहून पुन्हा उघडून मूर्ती आत ठेवल्या असाव्यात, म्हणजेच तेथील उपासना दीर्घकाळ चालू होती, असे अनुमान त्यावरून निघते. वस्तू आपल्या जागी सापडल्या म्हणूनच हे कळले. नाणे एकाने व मूर्ती दुसऱ्याने उचलून नेल्या असत्या, तर वस्तू कदाचित उरल्या असत्या, पण त्यांची हकीकत कायमची बुडाली असती.

त्याच वर्षी सोपाऱ्यास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पूर्वीचे राजे शिकारीसाठी व मौजेसाठी दौरे काढीत, अशोकाने त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केल्या, असा त्या लेखाचा आशय आहे. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा आढळला. पहिल्या शोधानंतर चौऱ्याहत्तर वर्षे लोटली होती. गावात पडून असलेला दगड ओळखणारी दृष्टी मिळेपर्यंत मुकाच राहतो.

शिक्षकांचे कर्तव्य

विहीर खणताना, घराचा पाया घेताना किंवा रस्ता करताना जुनी भांडी, नाणी, कोरीव दगड निघतात. ती वस्तू प्रथम पुष्कळदा मुलांच्याच दृष्टीस पडते. अशा वेळी ती हलवू नये, घासूनपुसून स्वच्छ करू नये, जागेची खूण करून ठेवावी आणि शिक्षकास कळवावे, असे मुलांस वारंवार सांगावे. शिक्षकाने ग्रामपंचायतीस व तहसीलदारास त्वरित माहिती द्यावी. दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी जमिनीत सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. शाळेत संग्रह करण्याच्या हौसेनेही वस्तू जागेवरून आणणे योग्य नव्हे. तिचे चित्र काढावे, माप घ्यावे, तेवढे पुरे.

वर्गासाठी उपक्रम

१. गावातील वीरगळ, जुने तळे, पडके देऊळ यांची यादी मुलांकडून करून घ्यावी.

२. प्रत्येकाविषयी वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आख्यायिका व प्रत्यक्ष दिसणारा पुरावा वेगवेगळा लिहावा. ‘बुरूड राजा’चे उदाहरण येथे द्यावे.

३. आपले घर दोन हजार वर्षांनी कोणी खणले, तर त्यास काय सापडेल व त्यावरून तो काय म्हणेल, यावर दहा ओळी लिहवून घ्याव्यात.

स्वामिदत्ताने टाके दिले ते तहानलेल्यांसाठी. त्याच्या नावाचा दगड जपला गेला, म्हणून कल्याणच्या परिसरातील मुलास आज आपला एक पूर्वज भेटतो. असे आणखी किती पूर्वज गावोगावच्या मातीत असतील, ते तेथील शाळांच्या जागरूकतेवर अवलंबून आहे.