बोट, गरी आणि हप्ता : दहावीच्या वर्गातला हिशेबाचा पाठ



मी मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका शाळेत शिकवतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या तासाला मी नेहमी विचारतो, "सुट्टीत काय काय केलंत?" यंदा दहावीतला एक मुलगा उठून म्हणाला, "सर, बाबा नवीन बोट घेतायत. पर्यटकांना गरवायला न्यायचं. मग मी पुढे शिकून काय करू? मीच तांडेल होणार." वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मी त्याला "आधी शीक, मग बघू" असं म्हणू शकलो असतो. पण तेवढ्याने त्याचं समाधान झालं नसतं, आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नसतं. त्याच्या घरात खरोखर कर्ज काढायचं चाललं होतं. म्हणून मी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले : दिवस किती? पैसे किती? कागद कोणते? 'अर्थनियोजन' या गणिताच्या प्रकरणाला जोडून आम्ही तीन तास हाच पाठ केला. तुमच्या वर्गात किंवा घरी करून बघावासा वाटला, तर तो असा.

आधी धंदा समजून घेऊ

गरी टाकून मासे पकडणं म्हणजे गरवणं. आमच्या मुलांना हे नवीन नाही. नवीन आहे ते एवढंच, की पुण्या-मुंबईचा माणूस यासाठी पैसे देतो. तो तांडेलासकट अख्खी बोट तीन-चार तासांसाठी भाड्याने घेतो, स्वतः गरी टाकतो, सुरमई, तांबोशी किंवा गोबरा लागेल या आशेवर बसतो. जगभर याला चार्टर फिशिंग म्हणतात.

मुलांना पहिला फरक इथे दाखवा. मासेमार मासा विकतो. हा धंदा करणारा वेळ विकतो. मासा लागला नाही तरी डिझेल-पेट्रोल जळतंच, खलाशाची मजुरी द्यावीच लागते. म्हणून "मासा मिळेलच" असं वचन कधी द्यायचं नाही, आणि दर आधी सांगून थोडी रक्कम आगाऊ घ्यायची. हेमिंग्वेच्या 'टू हॅव अँड हॅव नॉट' या १९३७ च्या कादंबरीचा नायक असाच बोटवाला आहे. त्याचं गिऱ्हाईक महागडी गळकाठी समुद्रात घालवतं आणि भाडं बुडवून निघून जातं. तिथून त्या माणसाची घसरण सुरू होते. मुलांना ही गोष्ट सांगितली, की आगाऊ रक्कम का घ्यायची हे वेगळं समजावावं लागत नाही.

तास पहिला : दिवस मोजा

मुलांना विचारलं, वर्षात बोट किती दिवस जाईल? "तीनशे!" असं उत्तर लगेच आलं. मग आम्ही वजाबाकीला बसलो.

यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस बंदी असते. पर्यटकांच्या बोटी मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. सोपं जावं म्हणून जून, जुलै, ऑगस्ट असे पूर्ण तीन महिने धरले.

३६५ − ९२ = २७३ दिवस, म्हणजे बरोबर ३९ आठवडे.

पण मंगळवारी-बुधवारी गिऱ्हाईक कुठून येणार? शनिवार-रविवार धरले तर ३९ × २ = ७८ दिवस. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्टीतले आणखी ४० दिवस धरले. झाले ११८. आता वारा, लाटा आणि इंजिनची दुरुस्ती. मुलांच्या मते १८ दिवस तरी जातील. उरले १००.

हे १८ दिवस कुणाला जास्त वाटतील. पण आठवून बघा : फयान वादळ नोव्हेंबर २००९ मध्ये आलं, क्यार ऑक्टोबर २०१९ च्या ऐन दिवाळीत, तौक्ते मे २०२१ मध्ये. तिन्ही वादळं हंगामातच आली. पावसाळा संपला म्हणजे समुद्र शांत झाला असं होत नाही, हे किनाऱ्यावरच्या मुलांना माहीत असतं. मात्र हिशेब मांडताना ते वहीत उतरत नाही.

तास दुसरा : पैसे मोजा

खालचे आकडे आम्ही वर्गात धरलेले आहेत, बाजारभाव नव्हेत. तुम्ही तुमच्या गावात चौकशी करून भरा.

फायबरची बोट, आउटबोर्ड इंजिन, लाइफ जॅकेट, गळकाठ्या असं सगळं मिळून ८ लाख. त्यात २ लाख घरचे आणि ६ लाख कर्ज, १२ टक्के दराने ५ वर्षांसाठी. महिन्याचा हप्ता सुमारे १३,३५० रुपये येतो.

बोट समुद्रात गेली किंवा नाही गेली तरी होणारा वर्षाचा खर्च :
- कर्जाचे हप्ते : १,६०,२००
- विमा, नोंदणी, तपासणी : ३०,०००
- रंग आणि इंजिनची देखभाल : ५०,०००
- पावसाळ्यात बोट वर ओढणं, शाकारणी : १०,०००
- एकूण : २,५०,२००

एका फेरीचा हिशेब (भाडं ५,००० रुपये) :
- पेट्रोल : १,५००
- खलाशी : ७००
- आमिष, बर्फ, चहा, तुटलेल्या गऱ्या : ५००
- गिऱ्हाईक पाठवणाऱ्या लॉजवाल्याचं कमिशन : ५००
- खर्च ३,२००, हातात उरले १,८००

आता मुलांना भागाकार करायला सांगा. २,५०,२०० ÷ १,८०० = १३९. म्हणजे ना नफा ना तोटा यायलाच १३९ फेऱ्या हव्यात, आणि आपल्याकडे दिवस आहेत १००. शंभरच्या शंभर दिवस बोट भरून गेली तरी वर्षाला ७०,२०० रुपये तोटा!

वर्ग एकदम गप्प झाला. तो मुलगा वहीत पुन्हा पुन्हा भागाकार करत होता.

मी लगेच म्हटलं, "धंदा वाईट आहे असं हा हिशेब म्हणत नाही. कुठे बदल करायचा ते दाखवतो." मग गटांनी उपाय काढले. एका गटाने सांगितलं की गर्दीच्या ४० दिवसांत सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोन फेऱ्या करू. फेऱ्या झाल्या १४०. पण शिल्लक किती? वर्षभर राबून १,८०० रुपये. दुसऱ्या गटाने बाबांची जुनी बोटच दुरुस्त करून कर्ज निम्मं केलं. हप्ते ८०,१०० वर आले, एकूण ठरलेला खर्च १,७०,१०० झाला, आणि ९५ फेऱ्यांतच तो निघाला. दोन्ही उपाय एकत्र केले तर १४० फेऱ्यांत वर्षाला ८१,९०० रुपये उरतात, महिन्याला ६,८२५. मुलांनी स्वतःच निष्कर्ष काढला : नेहमीची मासेमारी चालू ठेवून हा जोडधंदा होईल, एकट्या याच्यावर घर चालणार नाही.

तास तिसरा : कागद आणि 'नाही' म्हणण्याची ताकद

बऱ्याच घरांत समज असतो की मासेमारीचा परवाना आहे म्हणजे पर्यटक नेता येतात. तसं नाही. मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय विभाग देतो. पैसे घेऊन माणसं न्यायची तर महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे जावं लागतं. बोटीची तपासणी, माणसांची मर्यादा, लाइफ जॅकेट, विमा हे सगळं त्यात येतं. मालवणात आणखी एक गोष्ट आहे. इथे १९८७ मध्ये २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, त्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं ३.१८ चौरस किलोमीटरचं गाभा क्षेत्र आहे. कुठे गरी टाकायची आणि कुठे नाही, हे आधी वन विभागाला विचारायला हवं. २०२३ मध्ये राज्याने अनेक माशांची किमान लांबी ठरवून दिली आहे, म्हणून बोटीवर मोजपट्टी ठेवायची आणि लहान मासा परत सोडायचा. कासव गरीला लागलं तर तेही सोडायचंच, त्याला कायद्याने संरक्षण आहे.

आता या पाठातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. मे २०२२ मध्ये तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. आमच्या मुलांना तो दिवस आठवतो. म्हणून मी प्रश्न दिला : "शनिवारची सकाळ आहे. हवामान खात्याचा इशारा आलाय. चार जणांनी आगाऊ पैसे भरलेत. ते म्हणतात, काका, थोडंच आत जाऊन येऊ. सोमवारी हप्ता आहे. तुम्ही काय कराल?"

सगळे पटकन म्हणाले, "नाही जाणार." मग मी आदल्या दिवशीची आकडेमोड पुन्हा फळ्यावर लिहिली. ज्याला १३९ फेऱ्या कराव्याच लागतात, तो नाही म्हणू शकेल का? ज्याला ९५ पुरतात, त्याला ते सोपं जाईल का? हप्ता जेवढा मोठा, तेवढं "आज बोट जाणार नाही" म्हणणं अवघड. कर्जाचा आकडा हा फक्त पैशांचा प्रश्न नाही, तो बोटीत बसणाऱ्या माणसांच्या जिवाचाही प्रश्न आहे. गणिताच्या तासाला हे मुलांच्या लक्षात आलं, याचं मला फार समाधान वाटलं.

मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत छोट्या बोटीवर सहापर्यंत प्रवासी पैसे घेऊन न्यायचे असतील तर कप्तानाला पाण्यावरच्या ३६० दिवसांच्या अनुभवाची नोंद दाखवावी लागते. आमच्या तांडेलांकडे याच्या कितीतरी पट अनुभव आहे, पण लिहिलेला नाही. म्हणून गृहपाठ दिला : घरच्या बोटीची नोंदवही सुरू करा. तारीख, वारा, भरती-ओहोटीची वेळ, किती तास, काय मिळालं. हैदराबादची इंकॉइस ही संस्था लाटांचा अंदाज देते, तो रोज वाचून वहीत लिहायचा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर.

आणि मग बाबा शाळेत आले

चौथ्या दिवशी त्या मुलाचे वडील मधल्या सुट्टीत आले. मला वाटलं, रागावलेत. त्यांनी मुलाची वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "सर, हिशोब बरो आसा. पण एक गोष्ट तुमी धरूक नाय. गिऱ्हायकाक बोट लागता. अर्ध्या तासात 'परत चला' म्हणता. मगे पैशे कोणी देवचे?"

खरंच, उलट्या होणाऱ्या माणसाचा विचार आम्ही कुणीच केला नव्हता! मी त्यांना वर्गात यायची विनंती केली. ते आधी संकोचले, मग तासभर बोलले. मतलई वारा कधी पडतो, उधाणाच्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी काय होतं, नवख्या माणसाला बोटीत कुठे बसवायचं. मुलगा शेवटच्या बाकावर बसून सगळं वहीत लिहून घेत होता. आपल्या बाबांकडे इतकं काही आहे हे त्यालाही माहीत नव्हतं.

नवीन बोट त्यांनी अजून घेतलेली नाही. जुनी दुरुस्त करायचं चाललंय, आणि कागद कोणते लागतील याची यादी मुलाने केली आहे. अकरावीला कुठे प्रवेश घ्यायचा, हेही तो परवा विचारून गेला.

शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी

तुमचं गाव किनाऱ्यावर नसेल तर बोटीच्या जागी ट्रॅक्टर, रसवंती किंवा पिठाची गिरणी घ्या. क्रम मात्र हाच ठेवा : आधी दिवस, मग पैसे, मग कागद. आकडे मुलांनाच शोधून आणू द्या. चुकले तरी चालतील, कारण घरी विचारताना ते दुरुस्त होतात. आणि पालकहो, घरात कर्जाचा विषय निघाला की मुलांना बाहेर पाठवू नका. त्यांना एक कागद-पेन्सिल द्या आणि शेजारी बसवा.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी काय उपाय काढले ते जरूर कळवा.